परसातील हळवा रातांबा



उन्हाळ्याच्या दिवसांत घरी पाहुणा आला म्हणजे त्याच्यापुढे कोकमाच्या सरबताचा पेला येतो. रोजच्या आमटीत दोन आमसुले पडतात. आणि जेवण संपता संपता कोणाकडे सोलकढीची वाटी असते. ह्या तिन्ही गोष्टी एकाच फळापासून होतात व त्या फळाला रातांबा म्हणतात, हे कोकणातल्या माणसास सांगावयास नको. परंतु शहरात वाढलेल्या पुष्कळ मुलांनी आमसूल पाहिलेले असते आणि रातांबा पाहिलेला नसतो. लिंबाएवढे, गोल, कच्चेपणी हिरवे व पिकल्यावर गडद लाल होऊन पुढे जांभळ्याकडे झुकणारे असे हे फळ आहे. आत पाच ते आठ बिया असतात आणि त्यांच्याभोवती आंबटगोड गर असतो. गोव्यात ह्यालाच भिरंड म्हणतात. वनस्पतिशास्त्रात ह्याचे नाव गार्सिनिया इंडिका असे असून, पूर्वेकडील देशांतले मंगुस्तान हे फळ ह्याच्याच भाऊबंदांपैकी होय.

रातांब्याचे सर्व पुराण सांगण्याचा आज माझा विचार नाही. कोकणातील घरामागच्या परसात ह्याची एक-दोन झाडे बहुधा असतात. त्यांपैकी जे झाड लवकर पिकते त्याची फळे वेळेवर काढून घरच्या घरी सरबत व आगळ कसे करावे, आणि ह्या कामात 'वेळेवर' ह्या शब्दाला एवढे वजन का आहे, इतकेच मी सांगणार आहे.

भाताच्या जाती हळव्या आणि गरव्या असतात, हे आपणांस माहीत आहे. हळवे भात लवकर तयार होते, गरवे उशिरा. कोकणातील शेतकरी हे दोन शब्द भाताविषयी वापरतो; मी ते आज रातांब्याला लावतो, कारण त्यांच्याइतके नेमके शब्द मला दुसरे सापडत नाहीत. रातांब्याची बहुतेक जुनी झाडे बीपासून उगवलेली आहेत, मुद्दाम कोणी लावलेली नाहीत. पक्ष्याने किंवा माकडाने टाकलेली बी रुजली आणि घरच्या माणसाने ती उपटली नाही, एवढाच पुष्कळ झाडांचा इतिहास. आणि बीपासून झालेल्या झाडांत दोन झाडांचा स्वभाव सारखा नसतो. एकाच परसात एका झाडाची फळे एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात लाल होऊ लागतात, तर त्याच्यापासून वीस पावलांवर असलेले दुसरे झाड मे महिना अर्धा सरला तरी हिरवेगार असते. पहिले झाड हळवे, दुसरे गरवे. दिसण्यात दोन्ही सारखीच: सरळ वर गेलेला बुंधा, खाली झुकलेल्या फांद्या आणि कोवळेपणी तांबूस दिसणारी पालवी.

आता ह्या हळवे-गरवेपणाने बिघडते काय, असे कोणी विचारील. शाळेत असताना मी मुलांना एक हिशेब घालीत असे, तोच येथे मांडतो. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते आणि त्याच्या आगेमागे कोकणात पाऊस सुरू होतो. रातांब्याच्या सरबताची बरणी आठ दिवस उन्हात ठेवावी लागते. आमसुले करावयाची तर सालीला रसाची पाच ते सात पुटे द्यावी लागतात आणि प्रत्येक पुटानंतर ती उन्हात वाळवावी लागते. म्हणजे त्यालाही आठ-दहा दिवस हवेत. ७ जूनमधून आठ दिवस वजा करा. ३० मे आला. परंतु मे महिन्याच्या अखेरीस आभाळ भरून येते, वळीव पडतो, एखाद्या दुपारी अंगणात घातलेली सूपे धावत आत आणावी लागतात. अशा दिवसांसाठी आणखी आठ-दहा दिवस राखून ठेवले पाहिजेत. राहिला २० मे. त्यानंतर पिकणाऱ्या फळाला ऊन मिळेल की नाही हे दैवावर अवलंबून. गरव्या झाडाचे निम्मेशिम्मे फळ ह्या तारखेच्या पलीकडे पडते. त्या फळावर पाऊस पडला म्हणजे ते पाणी पिते, फुगते, तडकते, त्यावर बुरशी धरते आणि झाडाखाली लाल चिखल होतो. झाडाने वर्षभर केलेली मेहनत आठ दिवसांच्या फरकाने मातीला मिळते.

हा हिशेब मुंबई-पुण्याच्या मंडळींना अधिक लागू आहे. ज्यांचे मूळ घर रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगड जिल्ह्यात आहे ती कुटुंबे मुलांच्या सुटीत मे महिन्यात गावी जातात. घर उघडतात, जळमटे काढतात, विहिरीचा रहाट किंवा पंप दुरुस्त करतात, आंबे-फणस खातात आणि शाळा उघडण्यापूर्वी परततात. परतताना आंब्याच्या पेट्या, फणसाचे गरे, काजू, तळलेल्या फेण्या, सारे बरोबर येते. रातांबा मात्र झाडाखाली राहतो. मे महिन्यात चाकरमान्यांनी भरलेल्या घरांच्या मागील दारी रातांब्यांचा सडा पडलेला आणि त्याच घरांतून बाजारातील कोकम सरबताच्या बाटल्या विकत आणलेल्या, हे दृश्य मी अनेक वेळा पाहिले आहे. ह्यात आळस आहे असे मी म्हणत नाही. पुष्कळांना ते फळ उपयोगात कसे आणावे हेच कोणी दाखवलेले नसते. पूर्वी घरात आजी, काकू, आत्या असत. कामाची वाटणी असे. एकीने फोडावे, दुसरीने वाळवावे. आज गावच्या घरात एखादी वृद्ध बाई एकटी असते, किंवा घराला कुलूप असते. रातांब्याचे काम एकटीचे नव्हे. म्हणून ज्या पंधरा दिवसांत घर माणसांनी भरलेले असते, नेमके त्याच पंधरा दिवसांत पिकणारे झाड आपल्या परसात आहे की नाही, ह्यावर सर्व अवलंबून आहे.

इंग्लंडातही घरामागच्या बागेत सफरचंदाची झाडे असतात आणि त्यांच्यातही हळवी-गरवी असतात. तेथील हळवी सफरचंदे ऑगस्टच्या सुमारास तयार होतात. ती खाण्यास बरी, पण साठवणीत टिकत नाहीत. म्हणून घरोघरची माणसे पडलेली व जास्तीची फळे चेचून, दाबून त्यांचा रस काढतात आणि तो आंबवून सायडर नावाचे पेय करतात. सॉमरसेट व हेरफर्डशायर हे परगणे त्याकरिता प्रसिद्ध आहेत. त्यांची अडचण आणि आपली अडचण एकच आहे: फळ एकदम पिकते, टिकत नाही, आणि घरात इतके खपत नाही. त्यांनी उपाय केला तो आंबवण्याचा. आपल्या बायकांनी त्याच अडचणीवर तीन निराळे उपाय काढले. साखरेत घातले ते सरबत, मिठात घातले ते आगळ, उन्हात घातले ते आमसूल. तिन्हींचा हेतू आंबणे थांबवण्याचा आहे. हे तत्त्व एकदा ध्यानात आले की पुढील कृतीत काय टाळावयाचे आणि काय सैल सोडून चालेल हे प्रत्येकीला आपोआप कळेल.

आता फळ काढण्याविषयी. रातांबा आंब्यासारखा नाही. आंबा तयार झाला की हिरवा असतानाच काढून अढीत पिकवता येतो. रातांबा झाडावरच लाल झाला पाहिजे. हिरवा काढलेला रातांबा पुढे थोडासा रंग धरतो, पण त्याच्या सालीत तो दाट रस आणि तो रंग येत नाही; आणि ह्या फळात जे काही घ्यावयाचे ते सालीतच आहे. उलट फार पिकू दिला तर तो बोटांत दाबला जातो, खाली पडून फुटतो आणि मुंग्यांच्या स्वाधीन होतो. फळ सर्वांगी लाल झाले आहे, देठाजवळ हिरवेपणा राहिलेला नाही, पण दाबले असता अजून घट्ट लागते, ही काढण्याची वेळ. झाडावरची सगळी फळे एकदम ह्या अवस्थेला येत नाहीत. आज एक पाटी, तीन दिवसांनी दुसरी, असे करीत एका झाडाच्या सहा-सात तोडण्या होतात. एकाच दिवशी झाड झोडपून मोकळे करणारे गडी असतात. त्यांना तसे करू देऊ नये. झोडपलेल्या फळांत निम्मी हिरवी व निम्मी फुटकी निघतात. खालच्या फांद्यांवरची फळे हाताने व वरची घळीने, म्हणजे बांबूच्या टोकाला जाळी बांधलेल्या काठीने काढावी. मुलांना उंच झाडावर चढवू नये. शेंड्याजवळची दोन-चार डझन फळे पाखरांना व माकडांना राहिली तर राहू द्यावी.

काढलेला रातांबा चार-पाच दिवसांपेक्षा अधिक ठेवू नये. शक्य तर त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी, फोडावा. फळे धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून, पंख्याखाली किंवा सावलीत अगदी कोरडी करावी. सरबताची पहिली कसोटी ही कोरडेपणाची आहे. पाण्याचा अंश राहिला की साखर त्या ठिकाणी पातळ होते आणि बरणीला फेस येतो. नंतर प्रत्येक फळाचे आडवे दोन भाग करावे. गर व बिया एका भांड्यात काढाव्या आणि साली दुसऱ्यात. फळाचा सुमारे अर्धा भार सालीचा भरतो. ह्या सालींच्या वाट्या दिसतात मोठ्या सुंदर. लहान मुलांना हे काम फार आवडते, फक्त त्यांचे चांगले कपडे आधी काढून ठेवावे, कारण रातांब्याचा डाग सहसा जात नाही. साबण लावला तर तो लालाचा निळसर होतो आणि गृहिणी अधिकच घाबरते.

सालीच्या दुप्पट साखर, हे प्रमाण धरावे. एक किलो सालीस दोन किलो साखर. ही साखर ऐकून पुष्कळांना धक्का बसतो व ते आपल्या मनाने ती निम्मी करतात. तसे केलेले सरबत दहा-बारा दिवसांत फसफसते. येथे साखर गोडीसाठी आहे तितकीच टिकवण्यासाठी आहे. आणि एवढी साखर आपण एका वेळी पीत नाही, कारण एका पेल्यात ह्या पाकाचा एक भाग व पाण्याचे पाच-सहा भाग असतात. चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत साखरेचा थर, त्यावर साखरेने भरलेल्या वाट्या, पुन्हा साखर, असे भरत जावे आणि शेवटचा थर साखरेचा ठेवावा. तोंडाला स्वच्छ पांढऱ्या कापडाचा दादरा बांधून बरणी उन्हात ठेवावी आणि संध्याकाळी आत घ्यावी. दुसऱ्या दिवशीच तळाशी लाल रस सुटू लागतो. रोज सकाळी कोरड्या लाकडी चमच्याने एकदा खालवर करावे. सात-आठ दिवसांत साखर विरघळून जाते, साली आक्रसून पातळ होतात आणि वर दाट, माणकासारख्या रंगाचा पाक जमतो. तो गाळून, चवीपुरते मीठ व भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून बाटल्यांत भरावा. जिरे पिण्याच्या वेळी पेल्यात घातले तर अधिक चांगले, असे माझे मत आहे. बाटलीत वर्षभर राहिलेल्या जिऱ्याला वास राहत नाही. उरलेल्या गोड साली फेकू नयेत. त्या उन्हात वाळवून डब्यात ठेवल्या तर मुले सुपारीसारख्या चघळतात.

ही सर्व कृती चुलीशिवाय होते, हे आपल्या लक्षात आले असेल. घाईच्या घरातून साली पाण्यात उकळून, साखर घालून, तासाभरात सरबत करतात. ते पिण्याजोगे होते, पण त्याचा रंग तपकिरीकडे झुकतो. रातांब्याचा लाल रंग फुलांत व जांभळात असतो त्याच जातीचा आहे. उष्णतेने तो फिका पडतो. बाजारात काही बाटल्यांतून जो भडक, शेंदरासारखा लाल रंग दिसतो, तो बहुधा असा उडालेला रंग वरून भरून काढण्याचा प्रकार असतो. बाटलीवरील घटकांची यादी वाचण्याची सवय आपल्या घरांतून अजून म्हणावी तशी लागलेली नाही. मी कोणत्याही कारखान्याचे नाव घेत नाही. चांगले सरबत करणारे लहानमोठे उद्योग कोकणात पुष्कळ आहेत, व ज्यांना घरी करणे शक्य नाही त्यांनी त्यांच्याकडूनच घ्यावे.

धातूच्या भांड्यांविषयी एक सूचना. ह्या फळाची आंबटी तीव्र असते. पितळेचे, तांब्याचे व अॅल्युमिनियमचे भांडे ह्या कामाला वर्ज्य समजावे. हातांना बारीक चिरा असतील तर फळे फोडताना त्या चुरचुरतात. ज्या बाया रोजाने दिवसभर रातांबे फोडतात त्यांची बोटे हंगामभर काळीनिळी असतात. कोकमाच्या किमतीबद्दल घासाघीस करण्यापूर्वी ती बोटे डोळ्यांसमोर आणावी. आपल्या परसातले फळ फोडण्यास बाई बोलावली तर तिला मजुरी द्यावीच. वर आगळाची एक बाटली तिच्या घरी पाठवावी, अशी आमच्याकडे रीत आहे.

आगळाकडे वळतो. ज्या दिवशी आभाळ आले, किंवा गरव्या झाडाने आपल्याला ठकवून २५ मे नंतर फळ दिले, त्या दिवशी सरबताचा हट्ट सोडून आगळ करावे. त्याला उन्हाची एवढी गरज नाही. साली व गर दोन्ही चुरून, पिळून रस काढावा, गाळावा आणि एक किलो रसास सुमारे १५० ग्रॅम मीठ घालावे. मीठ पूर्ण विरघळले पाहिजे. काही घरी ते एक-दोन दिवस झाकून ठेवतात, मधून मधून ढवळतात आणि मग बाटल्या भरतात. हे आगळ वर्षभर राहते. नारळाच्या दुधात दोन चमचे घातले की सोलकढीला तो गुलाबी रंग येतो. मात्र मग सोलकढीत वेगळे मीठ घालताना हात आखडता घ्यावा. ज्यांच्या घरी रक्तदाबाचा विकार आहे त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

आमसुलांची कृती सांगावयास सोपी आणि करावयास कष्टाची आहे. गर व बियांत मीठ घालून ठेवले की रस सुटतो. सकाळी सालींना त्या रसात बुडवावयाचे, काढून उन्हात पसरावयाचे, संध्याकाळी परत बुडवावयाचे. प्रत्येक पुटागणिक साल काळसर होत जाते. ज्याला एक किंवा दोनच पुटे दिली ते आमसूल दिसावयास आमसूल असते, पण आमटीत चार घातली तरी दात आंबत नाहीत. पाच दिवसांच्या मुक्कामाला आलेल्या कुटुंबाने ह्याच्या भरीस पडू नये. गावात राहणाऱ्यांचे ते काम आहे, आणि ते त्यांच्याकडून योग्य दाम देऊन विकत घ्यावे.

ह्या फळाची ख्याती आजची नाही. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. हिंदुस्थानातील औषधींवर त्याने लिहिलेले संवादरूप पुस्तक गोव्यातच १५६३ साली छापले गेले. त्यात ह्या फळाचा उल्लेख आहे. आतून रक्तासारखे लाल, चवीला आंबट, रंगकामास उपयोगी, आणि त्याच्या सालीपासून शिरका करतात, असे तो लिहितो. म्हणजे आंबवण्याचा मार्गही ह्या फळाला अगदीच अपरिचित नव्हता. आपल्या स्वयंपाकघराने तो घेतला नाही आणि साखर-मिठाचा घेतला, एवढेच.

अलीकडे रातांब्याची आणखी एक कीर्ती झाली आहे. त्याच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक नावाचे आम्ल असते; त्याने चरबी झडते असे सांगून त्याच्या व त्याच्या केरळातील भावाच्या, कुडमपुळीच्या, अर्काच्या गोळ्या विकल्या जातात. ह्या गोळ्यांनी म्हणण्यासारखा गुण येतो असे नीट केलेल्या परीक्षांतून सिद्ध झालेले नाही. दोन किलो साखरेत मुरलेले सरबत पिऊन कोणी कृश होईल अशी आशा तर मुळीच करू नये. उन्हातून आल्यावर ते बरे वाटते, आणि तेवढे मला पुरेसे वाटते.

आता झाडाची निवड. रातांब्यात नर झाड वेगळे व मादी झाड वेगळे असते. बीपासून वाढवलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि हे कळावयास फुले येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षे, वाट पाहावी लागते. इतकी वर्षे पाणी घातले आणि नर निघाला, म्हणून चिडून तोडणारे लोक आहेत. परंतु परसातला नर तोडण्यापूर्वी शेजारीपाजारी दुसरा नर आहे की नाही हे पाहावे. अगदीच नसेल तर मादीला फळ कमी धरेल. दुसरी गोष्ट, मादी असली तरी ती हळवी आहे की गरवी हा प्रश्न उरतोच. ह्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर कलमात आहे. ज्या झाडाचे फळ आपण पाहिले, चाखले, ज्याच्या पिकण्याची तारीख आपण वहीत लिहिली, त्याच झाडाच्या काडीचे कलम केले की नवे झाड त्याच स्वभावाचे होते, आणि बीच्या झाडापेक्षा पुष्कळ लवकर फळते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९७ साली 'कोकण अमृता' नावाची जात प्रसृत केली. तिची निवड करताना जे गुण पाहिले त्यांत फळे पावसापूर्वी तयार होणे हा एक प्रमुख गुण होता. अशी कलमे रोपवाटिकांतून मिळतात. परंतु आपल्याच परसात किंवा शेजाऱ्याच्या परसात एखादे उत्तम हळवे झाड असेल, तर त्याचे कलम जाणत्या माळ्याकडून करवून घ्यावे. अशी कित्येक झाडे बंद घरांच्या मागे उभी आहेत. घर विकले जाते, जमीन साफ होते, आणि एप्रिलच्या आरंभी पिकणारे ते एकच झाड कोणी नोंद करण्यापूर्वी सरपणात जाते. असे झाड एकदा गेले की ते परत आणण्याचा मार्ग नाही, कारण त्याची बी त्याच्यासारखी निघेलच असे नाही.

म्हणून येत्या मे महिन्यात गावी जाणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे की, घराच्या मागील दाराने एकदा बाहेर पडावे. कोणत्या झाडाखाली फळे पडली आहेत, कोणते अजून हिरवे आहे, हे पाहावे आणि हळव्या झाडाच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा ओढून ठेवावा. घरात कायम राहणाऱ्या माणसास विचारावे. काकूंना किंवा आत्यांना कोणते झाड आधी पिकते हे तोंडपाठ असते, फक्त त्यांना कोणी विचारीत नाही. तारीख लिहून ठेवावी. पुढल्या वर्षी गाडीचे तिकीट काढताना ती तारीख उपयोगी पडेल.

राहता राहिल्या बिया. गर धुऊन काढल्यावर त्या कडक वाळवाव्या. पावसाळ्यात सवडीने त्या फोडून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तेल येते. ते थंडीने गोठते आणि त्याचे मुठीने दाबून गोळे करतात, म्हणून त्याला मुठेल म्हणतात. हिवाळ्यात टाचांना भेगा पडल्या की घराघरांतून हाच गोळा किंचित गरम करून लावीत. ह्याच तेलाला परदेशी बाजारात कोकम बटर म्हणतात. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटविषयी जो नियम केला त्यात कोको लोण्याशिवाय चॉकलेटात थोड्या प्रमाणात चालणाऱ्या सहा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थांची नावे दिली आहेत, आणि त्यांत आपल्या रातांब्याचे नाव आहे. तेव्हा बिया उकिरड्यावर टाकण्यापूर्वी निदान गावातील कोणी त्या विकत घेतो का, ह्याची चौकशी करावी. बी साठी पडलेले, फुटलेले फळही चालते. त्यामुळे पावसात सापडलेल्या गरव्या झाडाचेही सगळेच वाया जात नाही.

शेवटी प्रवासाची एक गोष्ट. आठ दिवस पुरे होण्याआधीच निघावे लागले तर बरणी अर्धवट उपसून सरबत गाळू नये. बरणी तशीच, दादऱ्यावर झाकण घट्ट बसवून, उभी न्यावी. पायांशी ठेवावी, सामानाच्या फळीवर नव्हे. मुंबईच्या घरात खिडकीत जेथे दुपारी तीन-चार तास ऊन येते तेथे ती राहिलेले दिवस ठेवली तरी काम पुरे होते. बरणीखाली एक ताट ठेवावे, म्हणजे ओघळ आलाच तर मुंग्यांना बरणीपर्यंत वाट मिळणार नाही; ताटात बोटभर पाणी घातले तर अधिक उत्तम.